इंग्लंडची जुनी किनारी शहरे आगगाडीने पाहताना

ठाण्याच्या माणसाला रेल्वेचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी आपल्याच गावी येऊन थांबली होती. लंडन ते ब्रायटन हा मार्ग त्याआधी बारा वर्षे, १८४१ मध्ये सुरू झाला आणि समुद्रकाठची हवापालट ही केवळ श्रीमंतांची चैन न राहता हळूहळू कारकून व कामगारांच्याही आवाक्यात आली. ज्या शहरांना रेल्वेने घडवले, ती रेल्वेनेच पाहावीत, असे मला मनापासून वाटते. पतिपत्नी दोघेच निघणार असतील, तर हा प्रवास सोयीचाही आहे आणि काटकसरीचाही.

व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयास साधारण तीन आठवडे लागतात. अर्ज दोघांचे स्वतंत्र असतात. विवाहाचा दाखला किंवा मालमत्तेची कागदपत्रे मराठीत असतील, तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते; हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. महिना जूनचा निवडावा. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होत असतो, तेव्हा तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी अद्याप झालेली नसते.

बारा दिवसांत रोज नवे गाव आणि रोज नवे हॉटेल, असा आराखडा अनेक जण करतात. त्यात अर्धा दिवस सामान आवरण्यात जातो आणि तिकडे हमालही मिळत नाही. त्याऐवजी दक्षिण किनाऱ्यावरचे ब्रायटन, नैऋत्येचे एक्सेटर आणि उत्तरेचे यॉर्क असे तीन मुक्काम ठरवून तेथून दिवसाच्या फेऱ्या कराव्यात. लंडनमध्ये या तिन्ही दिशांच्या गाड्या वेगवेगळ्या स्थानकांवरून सुटतात: ब्रायटनसाठी व्हिक्टोरिया, एक्सेटरसाठी पॅडिंग्टन, यॉर्कसाठी किंग्ज क्रॉस. हॉटेल घेताना हे ध्यानात ठेवावे.

तिकिटांचा भाग नीट समजून घेतला पाहिजे, कारण खर्चातील मोठा फरक येथेच पडतो. ‘टू टुगेदर रेलकार्ड’ नावाचे कार्ड दोन ठरावीक व्यक्तींच्या नावे, दोघांच्या छायाचित्रांसह निघते. त्याची किंमत पस्तीस पौंडांच्या आसपास असून ते वर्षभर चालते आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सवलत देते. दोघांची मिळून १२० पौंडांची तिकिटे ८० पौंडांत आली, म्हणजे एकाच लांबच्या प्रवासात कार्डाचे पैसे वसूल झाले. अटी दोनच: दोघांनी संपूर्ण प्रवास एकत्र करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते वापरायचे नाही. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट स्वस्त असते, परंतु ते आधी ठरवलेल्या एकाच गाडीला लागू होते. ‘ऑफ-पीक’ तिकिटावर गर्दीची वेळ टाळून कोणतीही गाडी धरता येते आणि वाटेत उतरण्याची मुभाही बहुधा असते. लांबच्या प्रवासाला पहिले आणि किनाऱ्यावरील छोट्या फेऱ्यांना दुसरे घ्यावे. रविवारी मार्गाची दुरुस्ती चालू असल्यास गाडीऐवजी बस मिळते, म्हणून मुक्काम बदलण्याचा दिवस रविवार ठेवू नये.

ब्रायटनला किमान तीन दिवस द्यावेत. स्थानकातून उताराचा सरळ रस्ता समुद्रावर जातो. किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे, त्यामुळे जाड तळव्यांचे बूट हवेत. १८६६ चा वेस्ट पिअर (समुद्रात खांबांवर बांधलेला फिरण्याचा धक्का) १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये जळाला आणि आज त्याचा लोखंडी सांगाडा पाण्यात उभा आहे. १८९९ चा पॅलेस पिअर मात्र गजबजलेला असतो. आपण तलावपाळीला फेरी मारतो, तशी थेट समुद्रावर मारता यावी म्हणून त्या काळी असे पिअर बांधले गेले. वास्तुविशारद जॉन नॅश यांनी घुमट-मिनारांनी सजवलेल्या रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्यात पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते. ब्रायटनमध्ये मरण पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांपैकी ५३ जणांवर शहराबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली गेली. पॅचमपर्यंत बसने जाऊन पुढे पायवाटेने चढावे लागते. दुसरे काही वगळावे लागले तरी चालेल, पण ही छत्री आपण पाहिलीच पाहिजे.

ब्रायटनहून लुईस, ईस्टबोर्नमार्गे हेस्टिंग्जला जाता येते. ईस्टबोर्नला गाडीची दिशा उलटते, तेव्हा गोंधळून उतरू नये. हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावर मासेमारीची जाळी ठेवण्यासाठी बांधलेल्या काळ्या, उंच लाकडी खोल्या आहेत. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, ती १०६६ ची ‘हेस्टिंग्जची लढाई’ मात्र येथे नव्हे, तर काही मैल आत, बॅटल नावाच्या गावी झाली. त्या गावाला स्वतःचे स्थानक आहे.

एक्सेटरहून टॉर्कीकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी. अभियंते ब्रुनेल यांनी आखलेला आणि १८४६ मध्ये सुरू झालेला हा मार्ग डॉलिशजवळ तांबड्या कड्यांखालून, समुद्राला अगदी लागून जातो. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात येथील भिंत वाहून गेली आणि रूळ अधांतरी लोंबू लागले. दोन महिन्यांत, ४ एप्रिलला, मार्ग पुन्हा सुरू झाला. जाताना टॉर्कीपर्यंत सरळ जावे आणि परतताना डॉलिशला उतरून त्या भिंतीवरून चालावे.

यॉर्कहून स्कारबरो तासाभराच्या आत येते. तेथून व्हिटबीला जाणारा लोहमार्ग १९६५ मध्ये बंद झाला, त्यामुळे तेवढ्यापुरती बस घ्यावी लागते. व्हिटबीच्या १९९ पायऱ्या चढून गेल्यावर मठाचे भग्नावशेष आणि खाली बंदर दिसते. गुडघे दुखत असतील, तर मध्ये विसाव्याला बाके आहेत. शाकाहारी मंडळींनी यॉर्कशरमध्ये बटाट्याचे चिप्स (म्हणजे तळलेले जाड काप) घेण्यापूर्वी ते कशात तळले आहेत, हे अवश्य विचारावे. ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणजे गोवंशाची चरबी, आणि ती तेथे सर्रास वापरली जाते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ व्हिटबीत उतरताच पाहून ठेवावी, म्हणजे पायऱ्यांवर घाई करावी लागत नाही.