आंब्याचे फोटो पिसायची रीत

देवगडातल्या आमच्या बागेतल्या हापूसचे, फळ कापून काढलेले 60 फोटो. 12, 14 आणि 16 आणे तयारीला (16 म्हणजे पूर्ण तयार) उतरवलेली प्रत्येकी 20 फळं, त्याच क्रमाने. प्रत्येकात साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, किती ते पाहून 0 ते 3 गुण द्यायचे होते, आणि ते काम बाबांचं. चाळिसावा फोटो संपला तसे ते स्क्रीनकडे धड न बघताच म्हणाले, "आता सोळा आण्याचे इले. ह्येंचा काय खरा नाय!"

जास्त तयार फळात साक्याचा धोका वाढतो, कबूल. पण मग फोटो कशाला काढले? म्हणून ते पत्त्यांसारखे पिसले.

मी फिजी वापरते, फोटो तपासायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आत इमेजजे हेच मूळ सॉफ्टवेअर. फाइल, इम्पोर्ट, इमेज सीक्वेन्स असं जाऊन सगळ्या फोटोंचा एक स्टॅक, म्हणजे गठ्ठा, करा; त्यातला एकेक फोटो म्हणजे स्लाइस. मग प्लगइन्समधून नवा मॅक्रो (छोटा प्रोग्रॅम) उघडा.

फोटोंना हात लावू नका, आधी आकडे पिसा. अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या यादीत, 1 ते 60 भरा. शेवटच्या जागेपासून सुरू करा: साठांतली कुठलीही एक जागा रँडमने काढा, तिथला आकडा शेवटच्याशी बदला. मग उरलेल्या 59 मधून, मग 58 मधून. ही फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांची 1938 ची कागदावरची युक्ती. संगणकासाठी ती डर्स्टनफेल्डने 1964 मध्ये बसवली. दर वेळी सगळ्याच जागांतून निवडण्याचा मोह टाळा. तीनच फोटो असतील तर त्यात 27 वाटा होतात आणि क्रम फक्त 6. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच.

अ‍ॅरेच्या जागा 0 पासून, स्लाइस मात्र 1 पासून मोजतात. इथे हमखास घोटाळा होतो.

आता त्याच मापाचा कोरा आरजीबी (रंगीत) स्टॅक करा आणि अ‍ॅरेच्या क्रमाने एकेक स्लाइस कॉपी-पेस्ट करा. डुप्लिकेट नको, कारण त्यात लेबल, म्हणजे फाइलीचं नाव, सोबत येतं. माझ्या फाइलींच्या नावातच आणे लिहिलेले. बाबांनी ते लगेच वाचलं असतं.

अ‍ॅरे लॉगमध्ये छापून सेव्ह करा, आणि रँडमला सुरुवातीलाच ठरावीक सीड (सुरुवातीचा आकडा) द्या, म्हणजे तोच क्रम पुन्हा काढता येतो. पहिल्या खेपेला मी दोन्ही विसरले. बाबांच्या दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

आता यादी आईकडे असते. बाबा मागतात, ती देत नाही.