युगांडाच्या जंगलात जाण्यापूर्वी: यलो फीवरची लस आणि तिचे प्रमाणपत्र

युगांडातील ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला किंवा रुवेंझोरी पर्वतावर चढाईला जायचे ठरले, की विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या, लशीची तारीख पक्की करावी. एक वर्षावरील प्रत्येक प्रवाशाकडे युगांडात या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनीच ग्राह्य होते. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात घाईने टोचून घेतलेली लस प्रवेशाच्या वेळी कामी येत नाही. पूर्वी कधी लस घेतली असेल, तर जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी जुलै २०१६ पासून ते आजन्म वैध मानले जाते.

परतीचा विचार बहुतेक जण करीत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच होते. भारतात पीतज्वर नाही, परंतु तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणाराच डास, घरोघरी आहे. म्हणून बाधित देशातून निघून ६ दिवसांच्या आत येथे उतरणाऱ्या आणि वैध प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. प्रवासाचा संपूर्ण मार्ग तपासावा तो याचसाठी. किलिमांजारोला जाणाऱ्या भारतीयाला टांझानिया एरवी प्रमाणपत्र मागत नाही. मात्र वाटेत केनियातील नैरोबीला १२ तासांहून अधिक थांबा असेल, तर केनिया बाधित देशांत मोडत असल्याने ते दाखवावे लागते.

ही लस सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांतच घ्यावी. मुंबईत विमानतळ व बंदर आरोग्य संघटना आणि गोव्यात मुरगाव बंदर आरोग्य संघटना ही त्यांपैकी काही केंद्रे होत. लसीकरणाचे वार ठरलेले असतात, म्हणून निदान सहा आठवडे आधी चौकशी करावी. लस जिवंत विषाणूची आणि कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असल्याने अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, क्षीण प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचे वय असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस देता येत नसेल तर तसे लेखी वैद्यकीय सूटपत्र घ्यावे, मात्र ते मान्य करणे त्या त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यावर अवलंबून असते. दुसरी जिवंत लस घ्यायची असल्यास ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावी.

कार्ड हाती पडताच केंद्रावरच नावाचे स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, शिक्का आणि स्वाक्षरी पडताळून पाहावी.

हिवतापावर लस न घेता गोळ्यांवरच भागवायचे असते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस, तर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे घ्यावी लागते. गोळी कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

ब्विंडीत सर्दी-खोकला झालेल्या पर्यटकाला गोरिलांजवळ सोडत नाहीत, कारण माणसाचे श्वसनविकार त्यांना सहज जडतात. परवाना कितीही महाग पडलेला असो, खोकला लपवू नये.