कार्ब्युरेटर हवा खेचतोय का? पाण्याच्या फवाऱ्याने ओळखा

२०२० च्या बीएस-६ (प्रदूषणाचे नियम) आधीची, कार्ब्युरेटरवाली जुनी दुचाकी चोक दिल्याशिवाय चालू राहत नाही, सिग्नलला रेस आपोआप चढते, सोडली तरी लवकर उतरत नाही. अशा वेळी ट्युनिंगचा स्क्रू फिरवत बसू नका. आधी कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) आणि इंजिन यांच्या मधल्या जोडातून हवा शिरतेय का ते बघा.

१. गाडी कोमट होईपर्यंत चालू ठेवा, मग डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये आयडलला (रेस न देता) चालू राहू द्या.

२. कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्याच्या बाटलीने इंजिनकडच्या जोडावर बारीक पाणी मारा. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून. एअर फिल्टर आणि प्लग कॅप यांवर पाणी नको.

३. कान इंजिनकडे ठेवा. जिथे पाणी पडताच रेस एकदम उतरली किंवा इंजिन अडखळलं, तिथेच फट आहे. खात्रीसाठी त्याच जागी पुन्हा मारून बघा.

बहुतेकदा दोष ओ-रिंगचा, म्हणजे जोडातल्या गोल रबरी कडीचा निघतो. चांगली ओ-रिंग खाचेच्या जरा वर उठलेली दिसते, जुनी दबून अगदी सपाट आणि कडक झालेली असते. ती बदला, जोडाच्या रबराला तडे आहेत का तेही वाकवून पाहा. बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे आवळा. एकच बाजू जोरात आवळली की फ्लँज (जोडाची बोल्ट लागणारी चपटी कडा) वाकतो आणि फट कायमची राहते.

काही जण पाण्याऐवजी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते अजिबात करू नका, भडका उडतो.