उष्णता समीकरणातच लिहा

तापमान वाढवलं की रासायनिक अभिक्रियेचा समतोल कुठे सरकतो, यावर फर्स्ट इयरला हमखास मार्क जातात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या गाइडच्या समासात भाचीला एवढंच लिहून दिलं, आणि तिचा गोंधळ मिटला:

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया + ९२ किलोज्यूल

१. उष्णता बाहेर पडत असेल तर ती उजवीकडे लिहा, शोषली जात असेल तर डावीकडे.
२. तापवणं म्हणजे त्या बाजूला उष्णता ओतणं. समतोल तिच्यापासून दूर सरकतो. इथे डावीकडे, म्हणजे अमोनिया घटतो. (कारखान्यात तरीही ४०० ते ५०० अंश सेल्सिअस ठेवतात, ते वेगासाठी.)

चिन्ह मात्र जपा. डेल्टा एच (अभिक्रियेतला उष्णतेचा बदल; बाहेर पडली तर उणे) उणे ९२ असतं, पण उजवीकडे लिहिताना अधिक ९२. भाचीही इथेच दोनदा चुकली.