मोठ्या हार्ड डिस्कसाठी मोफत डिफ्रॅग सॉफ्टवेअर कसे निवडावे

चार टेराबाइटची हार्ड डिस्क पूर्ण डिफ्रॅग करणे, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग जोडणे, हे किती मोठे काम आहे, याचा हिशेब आधी मांडावा. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ती नुसती सलग वाचायलाही सात तासांहून अधिक वेळ लागतो. डिफ्रॅग करताना तर विखुरलेले तुकडे शोधून, वाचून पुन्हा दुसरीकडे लिहावे लागतात. म्हणून अशा डिस्कसाठी सॉफ्टवेअर निवडताना त्यात दिसणाऱ्या डिस्कच्या रंगीबेरंगी नकाशाला भुलू नये. हवी तेवढीच फाइल किंवा एखादाच फोल्डर जोडून घेण्याची सोय त्यात आहे का, हे पाहावे.

पहिल्यांदा, ड्राइव्ह खरोखर फिरत्या तबकडीची आहे याची खात्री करावी. विंडोजच्या स्टार्ट मेनूत ‘डिफ्रॅगमेंट’ असे शोधल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यातील ‘मीडिया टाइप’ या रकान्यात हे कळते. तिथे एसएसडी दिसली, तर पुढचे काही करू नये. एसएसडीत फिरणारे भाग नसल्याने तुकडे जोडून फारसे काही साधत नाही, उलट लेखनाने ती झिजते. विंडोज ८ पासून विंडोजची ही सोय एसएसडीसाठी ट्रिमची, म्हणजे कोणती जागा आता वापरात नाही हे ड्राइव्हला कळवणारी, आज्ञा स्वतःच पाठवते.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने डिस्कची तब्येत तपासावी. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा आला, तर आधी बॅकअप घ्यावा. आजारी डिस्कला तासन्‌तास राबवणे म्हणजे आहे तो डेटाही पणाला लावणे होय.

आता विंडोजच्याच साधनात ‘ॲनालाइझ’ दाबावे. इथे एक बारकावा आहे, जो ठाऊक नसल्यामुळे अनेक जण विनाकारण दुसरे सॉफ्टवेअर उतरवून घेतात. विंडोज ६४ एमबीहून मोठे तुकडे मोजतच नाही. दोन जीबीची चित्रफीत वीस सारख्या तुकड्यांत असली, तरी विंडोजच्या लेखी ती ठीकच असते. दुसरे सॉफ्टवेअर तीच फाइल विखुरलेली धरून मोठी टक्केवारी दाखवते आणि वाचणारा घाबरतो. माझ्या मते विंडोजचा हिशेब रास्त आहे: डिस्कचे वाचणारे हेड एका जागेवरून दुसरीकडे न्यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, तर ६४ एमबी वाचायला जवळजवळ अर्धा सेकंद, त्यापुढे ती उडी नगण्य ठरते.

तरीही एखादी आभासी यंत्राची (व्हर्च्युअल मशीनची) डिस्क किंवा मोठा डेटाबेस हजारो बारीक तुकड्यांत गेला असेल, तर दोन मोफत पर्याय विचारात घ्यावेत. डिफ्रॅगलरमध्ये विखुरलेल्या फाइलींची यादी मिळते आणि त्यांतल्या हव्या त्याच निवडता येतात, हे त्याचे मोठे बलस्थान. मात्र गेल्या काही वर्षांत त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. कमांडची सवय असेल, तर मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ मार्क रुसिनोविच यांचे कॉन्टिग अधिक नेटके आहे. ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते, इन्स्टॉल करावे लागत नाही आणि सांगितलेल्या फाइलीपलीकडे कशाला हात लावत नाही.

इतर मोफत सॉफ्टवेअर घेताना इन्स्टॉल होतानाचा प्रत्येक पडदा वाचावा, कारण ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत गेल्यास नको असलेले प्रोग्रामही सोबत येतात. फाइल हलवण्यासाठी यांतील बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजनेच दिलेली सोय वापरतात, त्यामुळे ‘आमचेच इंजिन सर्वांत सुरक्षित’ या दाव्यात फारसा अर्थ नसतो.

सुरू करण्यापूर्वी डिस्कवर साधारण १५ टक्के जागा मोकळी करावी, मोठ्या फाइलीसाठी सलग जागा लागतेच. सिस्टिम प्रोटेक्शन (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असल्यास, एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेतील नेहमीच्या ४ केबी क्लस्टरवर (जागेच्या सर्वांत लहान एककावर) मोठे डिफ्रॅग केल्याने जुने रिस्टोअर पॉइंट, म्हणजे परत जाण्यासाठी जपलेल्या स्थिती, पुसले जाण्याची शक्यता असते, हेही ध्यानात ठेवावे. बाहेरची यूएसबी डिस्क असेल, तर काम संपेपर्यंत संगणकाचा स्लीप बंद ठेवावा. आणि नव्या सॉफ्टवेअरचे वेळापत्रक लावणार असाल, तर विंडोजचे साप्ताहिक वेळापत्रक त्या ड्राइव्हपुरते काढून टाकावे, म्हणजे एकाच डिस्कवर दोघे आपापल्या परीने फाइली हलवत बसणार नाहीत.