पावसाआधी जनरेटर लोडवर चालवून बघा

खानापूर-बेळगाव पट्ट्यात पावसाचा जोर वाढला की लाईटचा भरवसा नसतो. जनरेटर नुसता मोकळा फिरवून 'चालतोय' म्हणणं ही तपासणी नव्हे. लोडशिवाय, म्हणजे दिवे-मोटारी न जोडता, इंजिन पुरेसं तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळं, चिकट साचतं. महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान 30 टक्के लोडवर चालवा. 25 केव्हीएच्या (म्हणजे सुमारे 20 किलोवॅट क्षमतेच्या) सेटला हे साधारण 6 किलोवॅट.

सेट उठतच नसेल तर बहुतेक वेळा दोष बॅटरीचा. चार्जर काढून काही तासांनी 12 व्होल्टची बॅटरी 12.6च्या आसपास दिसायला हवी. स्टार्टर मारताना 9.6च्या खाली कोसळली, तर आधी टर्मिनल घासून, घट्ट करून पुन्हा मोजा. तरीही तेच, तर बदला.

टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा आत पाणी धरते.