लॅटिन धातू आणि इंग्रजी समानार्थी शब्द: सुरुवात करणाऱ्यांसाठी काही अनुभव

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला बसलेल्या प्रत्येकाच्या हाती केव्हा ना केव्हा लॅटिन धातूंची यादी पडतेच. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, ‘डक्ट’ म्हणजे मार्ग दाखवत पुढे नेणे, एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे धरूनच मी लिहीत आहे. माझी सुरुवातही अशाच यादीपासून झाली. यादी पाठ झाली, तरीही समानार्थी शब्दाचा प्रश्न समोर आला की चार पर्यायांपैकी दोन सारखेच बरोबर वाटत राहायचे. ती घालमेल मला अजून आठवते, आणि आज त्याच टप्प्यावर असलेल्यांना ती कमी सोसावी लागावी, एवढीच या लेखनामागची इच्छा आहे.

सर्वांत आधी स्पष्ट शब्दांत सांगतो तो मुद्दा असा की, अनोळखी शब्दाचा अर्थ धातूवरून ताडू नका. अर्थ वाक्यातून आणि शब्दकोशातून समजून घ्यावा, आणि तो समजल्यानंतरच धातूकडे वळावे. हा क्रम उलटला की धातू जितके पक्के पाठ, तितकी चूक अधिक आत्मविश्वासाने होते. ‘एनर्व्हेट’ हा शब्द घ्या. त्यात ‘नर्व्ह’ ऐकू येते, ‘एनर्जी’चाही भास होतो, आणि उत्साह देणे, चेतवणे हा पर्याय हमखास निवडला जातो. प्रत्यक्षात त्यातील ‘ए’ हा ‘एक्स’ या उपसर्गाचा संक्षेप असून त्याचा अर्थ ‘बाहेर’ असा होतो, आणि लॅटिनमध्ये ‘नेर्व्हुस’ म्हणजे स्नायुबंध, म्हणजेच अंगातील बळ. ते बळ काढून घेणे, निर्बल करणे हा या शब्दाचा अर्थ.

येथे कोणी म्हणेल की हा उपसर्ग ओळखण्यातील दोष आहे, धातू नीट फोडला असता तर अर्थ मिळालाच असता. म्हणून पुढची दोन उदाहरणे अधिक महत्त्वाची आहेत, कारण त्यांत फोड अगदी अचूक करूनही अर्थ हाती लागत नाही. ‘एग्रीजस’मध्ये पुन्हा तोच ‘बाहेर’ अर्थाचा उपसर्ग आहे आणि ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून वेगळा उठून दिसणारा, या अर्थाने हा शब्द इंग्रजीत एके काळी स्तुतीसाठी वापरला जाई. आज तो केवळ धडधडीत, अक्षम्य अशा वाईट गोष्टीसाठी येतो. ‘मेरेट्रिशस’मध्ये तर ‘मेरिट’ शब्दाशी खरेखुरे नाते आहे, कारण दोन्ही शब्द ‘कमावणे, पात्र ठरणे’ या अर्थाच्या ‘मेरेरे’ या एकाच क्रियापदापासून आले. मात्र पहिला ‘मेरेट्रिक्स’ म्हणजे गणिका या नामाच्या वाटेने आल्यामुळे त्याचा अर्थ वरवर झगमगीत पण आतून पोकळ असा झाला. धातू बरोबर, फोड बरोबर, नातेही खरे, आणि तरीही गुणवत्ता सुचवणारा पर्याय निवडला तर उत्तर साफ चुकते. शब्द कोठून निघाला हे धातू सांगतो. तो आज कोठे येऊन पोहोचला हे त्याला सांगता येत नाही.

याच सापळ्याची दुसरी बाजू म्हणजे एकसारखी दिसणारी अक्षरे. ‘सिड’ हा तुकडा ‘ॲक्सिडेंट’, ‘इन्सिडेंट’, ‘कोइन्साइड’ यांत ‘कादेरे’ म्हणजे पडणे या क्रियापदाचा असतो, तर ‘होमिसाइड’ आणि ‘डिसाइड’ यांत ‘कायदेरे’ म्हणजे कापणे, मारणे याचा. ‘पेड’ हा ‘पेडेस्ट्रियन’ व ‘इम्पीड’ यांत लॅटिन पाय आहे, पण ‘पेडियाट्रिक्स’मध्ये ते ग्रीक मूल आहे. ‘इन’ हा उपसर्ग नकार दाखवतो असे शिकवले जाते, परंतु ‘इन्फ्लेमेबल’मध्ये त्याचा अर्थ ‘आत’ असा आहे. जो पदार्थ पेट घेत नाही असे कोणी समजेल तोच पदार्थ सहज पेटणारा असतो. यादीत ‘सिड म्हणजे मारणे’ एवढेच छापलेले असते आणि विद्यार्थी ‘कोइन्साइड’मध्ये हत्या शोधत बसतो. अशा यादीचा मला अजूनही राग येतो.

इतके वाचून धातूंचा मार्गच सोडून द्यावा असे वाटले असेल, तर तसे करू नका. मराठी वाचकाला या अभ्यासात मोठी अनुकूलता आहे आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. शालेय संस्कृतात ‘हृ’ धातूपासून होणारे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द आपण एका श्लोकात पाहिलेले असतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, हे आपल्याला त्या श्लोकानेच शिकवलेले आहे. लॅटिनमध्येही हेच घडते. सत् आणि जन मिळून सज्जन होतो हे ज्याला खटकत नाही, त्याला ‘आद’ आणि ‘सिमिलिस’ मिळून ‘असिमिलेट’ का होते, ‘सब’ आणि ‘फेर’ मिळून ‘सफर’ (सोसणे) का होते, ‘ऑब’चा ‘ऑकर’ शब्दात ‘ऑक’ का होतो, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय दोन्ही भाषा एकाच कुळातील असल्यामुळे कित्येक धातू आपल्या ओळखीचेच निघतात. ‘डेंट’ आणि दंत, ‘इग्निस’ आणि अग्नी, ‘नोव्ह’ आणि नव, ‘फेर’ आणि भृ ही सख्खी नाती आहेत. ‘क्रेडिट’मधील ‘क्रेड’ आणि आपली श्रद्धा हे शब्द एकाच मुळाचे आहेत, हे कळल्यानंतर तो धातू मला कधी पाठ करावा लागला नाही. उच्चार जुळला म्हणजे नाते जुळले असे मात्र धरू नये. प्रत्येक जोडी शब्दकोशात तपासूनच वहीत उतरवावी.

धातू निवडताना पुष्कळ धातू वरवर पाहण्यापेक्षा एकच क्रियापद त्याच्या सर्व रूपांसह पुरे करावे, असे माझे ठाम मत आहे. ‘फेरे’ म्हणजे वाहणे, आणि त्याच क्रियापदाचे भूतकालवाचक रूप ‘लातुम’. म्हणून ‘ट्रान्सफर’ आणि ‘ट्रान्सलेट’, ‘रेफर’ आणि ‘रिलेट’, ‘कॉन्फर’ आणि ‘कोलेट’ या जोड्या मुळात एकेका क्रियापदाच्याच आहेत. एकदा हे दिसले की ‘व्होसिफरस’, ‘प्रोलिफरेट’, ‘इलेटेड’ हे शब्दही त्याच घरात येऊन बसतात. मात्र ‘लॅटरल’मधील ‘लॅट’ म्हणजे बाजू आणि ‘डायलेट’मधील ‘लॅट’ म्हणजे रुंद, त्यांना या घरात घेऊ नये. स्वर बदलण्याचा नियमही असाच एका क्रियापदावर समजून घेता येतो. ‘तासेरे’ म्हणजे गप्प राहणे, त्यापासून ‘टॅसिटर्न’ झाला. पुढे ‘रे’ हा उपसर्ग लागताच ‘आ’चा ‘इ’ झाला आणि ‘रेटिसेंट’ मिळाला.

प्रत्ययांकडे बहुतेक मार्गदर्शक दुर्लक्ष करतात, आणि परीक्षेत नेमके तेच नडते. ‘इन्क्रेडिबल’ आणि ‘इन्क्रेड्युलस’ यांत उपसर्ग एक, धातू एक. पण पहिला शब्द ज्या गोष्टीवर विश्वास बसत नाही त्या गोष्टीला लागतो आणि दुसरा ज्या माणसाचा विश्वास बसत नाही त्या माणसाला. ‘कन्टेम्प्टिबल’ आणि ‘कन्टेम्प्च्युअस’ यांतही तिरस्कार कोणाचा आणि कोणाविषयी, हे प्रत्ययच ठरवतो.

आता समानार्थी शब्दांविषयी. धातू शब्दांची कुटुंबे लावतो, समानार्थी शब्दांच्या जोड्या लावत नाही. हे दोन निरनिराळे गट आहेत. ‘लोक्वेशस’, ‘गॅर्युलस’, ‘व्हर्बोस’ आणि ‘व्हॉल्युबल’ हे शब्द एकाच ओळीत ‘बडबड्या’ या अर्थाने दिलेले आढळतात, पण त्यांचे धातू चार आहेत आणि छटाही चार आहेत. पहिल्याला बोलण्याची हौस असते. दुसरा क्षुल्लक विषयांवर बोलून ऐकणाऱ्याला कंटाळा आणतो. तिसरा ‘व्हर्बुम’ म्हणजे शब्द यावरून आलेला असून गरजेपेक्षा अधिक शब्द असलेल्या लेखनाला किंवा भाषणाला लागतो. चौथ्यात ‘व्होल्व्हेरे’ म्हणजे गडगडत जाणे हा धातू असल्यामुळे त्यात अखंड, सहज ओघ आहे आणि निंदा असेलच असे नाही. येथे धातू खरोखर उपयोगी पडतो, कारण अर्थ आधीच माहीत असल्यावर छटा लक्षात ठेवायला तो आधार देतो. उलट ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’ हे दोन्ही ‘फ्रागिलिस’ या एकाच लॅटिन शब्दाचे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दांपैकी पहिला, तर दुसरा विद्वानांच्या लेखनातून लॅटिनच्या अधिक जवळ राहून आला. म्हणूनच प्रकृतीने क्षीण झालेल्या वृद्धाला पहिला शब्द शोभतो आणि काचेच्या भांड्याला दुसरा.

शॉर्टकटविषयी माझे मत कठोर आहे. उच्चारसाधर्म्यावरून रचलेल्या गमतीदार क्लृप्त्या एका शब्दापुरत्या टिकतात आणि पुढचा शब्द शिकवत नाहीत. मोजके धातू पाठ करून हजारो शब्द येतील असे जो शिक्षक सांगतो, त्याच्याकडे वेळ घालवू नये. जो तुमच्यासमोर शब्दकोश उघडून स्वतःचाही अंदाज तपासून पाहतो, त्याच्याजवळ टिकून राहावे. परदेशी विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेत ऑगस्ट २०११ पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे बंद झाले आणि सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडण्याचा प्रकार आला. तेथे वाक्य समजल्याशिवाय नुसता धातू काहीच मदत करत नाही.

वही ठेवताना प्रत्येक पानावर एकच क्रियापद घ्यावे: वरती त्याची दोन रूपे, खाली वाचनात प्रत्यक्ष भेटलेले शब्द त्यांच्या वाक्यांसह, आणि तळाशी त्या धातूसारखे दिसणारे पण परके असलेले शब्द. समानार्थी गटांसाठी दुसरी वही असावी. मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात काही शब्दांखाली जवळच्या शब्दांतील फरक समजावणारा परिच्छेद असतो, तो वाचून फरक स्वतःच्या मराठीत एका वाक्यात उतरवावा. ‘टॅसिटर्न’ म्हणजे स्वभावानेच मितभाषी आणि ‘रेटिसेंट’ म्हणजे एखाद्या बाबतीत मन उघडे करायला नाखूश, असे एक वाक्य स्वतः लिहायला सुरुवातीला बराच वेळ लागतो. तो लागू द्यावा. काही आठवड्यांनी नव्या पानांना पूर्वीइतका वेळ लागत नाही, आणि पर्यायांतील दोन शब्द सारखे वाटले तर त्यांतील फरक कोणत्या दिशेने शोधायचा हे कळू लागते.